खाजगी सर्टिफिकेट ऑथॉरिटी ‘पेंडिंग सर्टिफिकेट’वरच अडकली आहे (एडब्ल्यूएस, बोटो-३)

हिंजवडीकर:
आमच्या हिंजवडीच्या कार्यालयातील अंतर्गत सेवांना टीएलएस (संवाद कूटबद्ध करणारी पद्धत) लावण्यासाठी अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये खाजगी सर्टिफिकेट ऑथॉरिटी (सेवांना डिजिटल प्रमाणपत्रे देणारी यंत्रणा) उभारण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कन्सोलला (एडब्ल्यूएसच्या वेब-पडद्याला) हात लावायचा नाही, सर्व काही पायथनच्या बोटो-३ लायब्ररीतून करायचे, असे आमच्याकडे ठरलेले आहे. ‘क्रिएट सर्टिफिकेट ऑथॉरिटी’ हा कॉल ‘रूट’ (सर्वात वरची ऑथॉरिटी) हा प्रकार आणि आरएसए २०४८ ही कीची पद्धत देऊन केला, एआरएनही (एडब्ल्यूएसमधील तिची ओळखखूण) मिळाला. मात्र स्थिती कालपासून ‘पेंडिंग सर्टिफिकेट’ हीच आहे आणि प्रमाणपत्र मागितले की ‘इनव्हॅलिड स्टेट’ असा एरर येतो. आयएएमच्या (एडब्ल्यूएसमध्ये कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या सेवेच्या) परवानग्या दोनदा तपासल्या. आणखी काय राहिले असावे?

कोथरूडचा बॅकएंडवाला:
परवानग्यांचा येथे संबंध नाही. त्या कॉलने केवळ की-पेअर (सार्वजनिक व खाजगी कीची जोडी) आणि सीएसआर (प्रमाणपत्रासाठी सही मागणारी विनंती) तयार होतात. ऑथॉरिटीचे स्वतःचे प्रमाणपत्र अद्याप जन्मालाच आलेले नसते. रूटच्या वर कोणी नसल्यामुळे तिने स्वतःच स्वतःच्या सीएसआरवर सही करायची असते. त्यासाठी ‘गेट सर्टिफिकेट ऑथॉरिटी सीएसआर’ने सीएसआर घ्या, तो त्याच एआरएनसह ‘इश्यू सर्टिफिकेट’ला द्या आणि टेम्प्लेट (प्रमाणपत्राचा साचा) म्हणून ‘रूट सीए सर्टिफिकेट व्ही-१’चा एआरएन न विसरता लिहा. तो वगळला तर सेवा साध्या सर्व्हरला शोभेल असा टेम्प्लेट धरते आणि काम अडते; माझी एक अख्खी दुपार यातच गेली होती. प्रमाणपत्र लगेच हाती येत नाही, म्हणून स्लीप टाकून (ठरावीक वेळ थांबवून) अंदाज बांधण्यापेक्षा बोटो-३ मधील ‘सर्टिफिकेट इश्यूड’ हा वेटर (काम पूर्ण होईपर्यंत वाट पाहणारी सोय) वापरा. शेवटी ‘गेट सर्टिफिकेट’ने ते आणून ‘इम्पोर्ट सर्टिफिकेट ऑथॉरिटी सर्टिफिकेट’ने बसवा. रूटसाठी चेन (वरच्या ऑथॉरिटींच्या प्रमाणपत्रांची साखळी) द्यायची नाही, दुय्यम ऑथॉरिटीसाठी मात्र ती द्यावीच लागते.

खर्चाची वही:
वरील उत्तर अचूक आहे. मला फक्त बिलाविषयी बोलायचे आहे. सर्वसाधारण पद्धतीच्या प्रत्येक ऑथॉरिटीला महिन्याला ४०० डॉलर पडतात, आणि ती डिसेबल केली म्हणून आकारणी थांबत नाही, डिलीटच करावी लागते. तुमच्या सेवांना ७ दिवसांपर्यंत वैध असलेली प्रमाणपत्रे चालत असतील, तर अल्पमुदतीच्या पद्धतीत हाच दर ५० डॉलर आहे. स्क्रिप्ट किती वेळा चालवली, हेही एकदा पाहा. आयडेम्पोटन्सी टोकन (तीच विनंती पुन्हा गेली तर दुसरी ऑथॉरिटी होऊ न देणारी खूण) दिले असले तरी त्याचे संरक्षण ५ मिनिटांपुरतेच असते. त्यानंतर तोच कॉल निमूटपणे नवी ऑथॉरिटी तयार करतो.

हिंजवडीकर:
दोघांचेही आभार. टेम्प्लेट दिल्यावर इम्पोर्ट झाले आणि स्थिती ‘अॅक्टिव्ह’ झाली. मात्र यादी मागवली तेव्हा एकाच नावाच्या ३ ऑथॉरिटी निघाल्या! दोन ‘पेंडिंग’मधल्याच असल्याने थेट डिलीट करता आल्या. आता स्क्रिप्ट आधी टॅगवरून शोध घेते आणि काही सापडले नाही तरच नवी ऑथॉरिटी तयार करते. एक शंका उरली आहे: ‘इश्यू सर्टिफिकेट’ने दिलेल्या प्रमाणपत्रांचे नूतनीकरण आपोआप होईल का?

कोथरूडचा बॅकएंडवाला:
नाही, ती जबाबदारी तुमचीच राहते. आपोआप नूतनीकरण हवे असेल तर प्रमाणपत्र एसीएमच्या (एडब्ल्यूएसची प्रमाणपत्रे सांभाळणारी सेवा) ‘रिक्वेस्ट सर्टिफिकेट’मधून मागवा आणि ‘क्रिएट परमिशन’ने एसीएमला तुमच्या ऑथॉरिटीवर प्रमाणपत्र देण्याची, ते आणण्याची आणि परवानग्यांची यादी पाहण्याची मुभा द्या.