जुलैत व्हर्बियरला जायचंय, कुणी गेलंय का?

मी सोलापूरचा. ऑफिसच्या कामाने जुलैत जिनिव्हाला जाणं होतंय, तर जोडून तिथल्याच डोंगरातल्या व्हर्बियर गावचा वेस्टर्न क्लासिकल संगीताचा फेस्टिव्हल बघावा म्हणतोय. आजवर हुतात्मा स्मृती मंदिरातल्या मैफली आणि सवाई गंधर्व एवढंच ऐकलंय, वेस्टर्न क्लासिकलमधलं ओ की ठो कळत नाही. जमेल का? आणि तिकिटं परवडतात का?

चादरवाला
जावा की मालक! जिनिव्हाहून ट्रेनने मार्टिनी, तिथं गाडी बदलून ल शाब्ल, मग वर बस नाहीतर केबल कार. गाव १५०० मीटरवर आहे, आपल्या उन्हाळ्याच्या हिशोबाने कपडे भरू नका, जुलैतपण संध्याकाळी गारठा असतो. आपली चादर न्या बरोबर, हसू नका खरंच सांगायलोय.

मारवा
तिकिटं महाग आहेत, मोठ्या हॉलची तर फारच, पण तिथे अकॅडमीचे मास्टरक्लास असतात ते नक्की बघा. मोठा पियानोवादक विशीतल्या पोराला एकच ओळ परत परत वाजवायला लावतो, बोटाचं वजन जरा बदललं की तोच सूर वेगळा लागतो, म्हणजे आपल्याकडची तालीमच की ओ ही, फक्त समोर नोटेशनचा कागद. हा फेस्टिव्हल १९९४ पासून चालू आहे आणि नवी पोरं आणि दिग्गज एकाच स्टेजवर हीच त्याची खरी मजा.
एक लक्षात ठेवा, मधे शांतता झाली म्हणून टाळ्या नाहीत, अन् 'क्या बात है' तर अजिबात नाही 😄

चादरवाला
मग आपलं कसं व्हायचं बे

मारवा
मान हलवायची गपगुमान