३,७१० जाती की ३,७१० प्रजाती?

परसदार: एका प्रदर्शनाच्या फलकांचा मजकूर मराठीत करतेय. विषय वुडलाउस. कुंडी उचलली की खाली ओलाव्यात करडे, चपटे, सात जोड्या पायांचे जीव पळतात ना, तेच. मूळ वाक्य सरळ आहे: एप्रिल २०१४पर्यंतच्या जागतिक यादीत ३,७१० स्पीशीज, ५२७ जीनस, ३७ फॅमिली. मी लिहिलं ‘३,७१० जाती, ५२७ प्रजाती, ३७ कुलं’. संपादकांकडून परत आलं ते ‘३,७१० प्रजाती, ५२७ वंश’ होऊन. म्हणजे ‘प्रजाती’ किती, तर माझ्या कागदावर ५२७ आणि त्यांच्या कागदावर ३,७१०! विश्वकोशात स्पीशीज म्हणजे जाती असंच वाचत आलेय. काय ठेवू? आणि वुडलाउसला आपल्याकडे नाव काय?

खडूस मास्तर: तुमचंच ठेवा. जीनस म्हणजे प्रजाती, स्पीशीज म्हणजे जाती, हे मराठीत कधीच ठरलेलं आहे. ‘दुर्मीळ प्रजातीचा पक्षी आढळला’ ही हिंदीची उसनवारी, वर्तमानपत्रांनी रूढ केलेली.

चिंचगूळ: रूढ झाली ना? मग झालं. आज शंभर जणांना विचारा, नव्वद जण प्रजातीच म्हणतील. फलक त्यांच्यासाठी आहे, परिभाषा समितीसाठी नाही.

खडूस मास्तर: नव्वद जण ‘मी तिला बोललो’ असंही म्हणतात. तेही छापा.

देवगडकर: ‘जाती’ला माझा वेगळाच आक्षेप आहे. हापूस, पायरी, केसर यांना आपण आंब्याच्या जाती म्हणतो. शास्त्राच्या हिशेबाने हे सगळे मिळून एकच जात, मँजिफेरा इंडिका. आमच्या बागेत शास्त्रज्ञ आला तर म्हणेल एक जात, आणि बाबा म्हणणार अकरा.

खडूस मास्तर: त्यासाठी ‘वाण’ आहे. बाबांना सांगा.

देवगडकर: तुम्हीच सांगा. कोयता हातात नसताना.

उंबरठा: ‘जात’ शब्दाचा आपल्याकडे जो वास आहे त्यामुळेही लोक प्रजातीकडे वळले असावेत. शाळेच्या सहलीसमोर ‘याची जात कोणती’ म्हणताना जीभ अडखळते.

चिंचगूळ: +१. बाकी वुडलाउसला सरळ ‘लाकूड-ऊ’ म्हणा.

सातपाय: नको हो! ती ऊ नाही, कीटकही नाही. खेकडा-कोळंबीच्या गोतातला कवचधारी आहे, पार जमिनीवर येऊन राहिलेला. मादी पोटाखालच्या पाणीभरल्या पिशवीत अंडी सांभाळते. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा पायांच्या सहाच जोड्या, सातवी नंतर फुटते. कातही दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग, काही दिवसांनी पुढचा. मधल्या काळात अर्धा पांढुरका, अर्धा करडा असा फिरताना दिसला की रोग झालाय असं वाटतं.

आडवाट: याला आमच्याकडे पैसा म्हणतात.

सातपाय: पैसा म्हणजे वाणी. तो लांबुडका, बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या, आणि वेटोळं करतो. हा चेंडू करतो. तोही सगळे नाही. आर्माडिलिडियम करतं, पोर्सेलिओ नुसतं पळतं.

खडूस मास्तर: ‘कीटक नाही’ हेही आजचं. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८मध्ये वुडलाउसला ओनिस्कस नाव दिलं ते कीटकांच्याच वर्गात. ओनिस्कस म्हणजे ग्रीकमध्ये छोटं गाढव, पोर्सेलिओ म्हणजे लॅटिनमध्ये डुकराचं पिल्लू. त्यांनी पाळीव प्राणी शोधले, आपण अजून उवा शोधतोय.

उंबरठा: फिलोसिया नावाचा वुडलाउस बघा. त्याचा अर्थ सावलीवेडी! तसं काहीतरी करा ना. ‘सावलीकिडा’.

चिंचगूळ: असा शब्द अनुवादकाशिवाय कोणी उच्चारणार नाही. इंग्लंडात गावोगावी वेगळी नावं आहेत, कुठे चीझी बॉब, कुठे चकी पिग, स्कॉटलंडात स्लेटर. आपल्याकडे लोकांनी याच्याकडे कधी नीट बघितलंच नाही, तर नाव कुठून येणार? आमच्या चाळीत आम्ही पोरं ‘गोळी’ म्हणायचो. तेच द्या.

आडवाट: नावांवरून आठवलं. याच गणातल्या, म्हणजे आयसोपॉडांतल्या, समुद्री भाऊबंदांना लीच नावाच्या इंग्रजाने १८१८मध्ये नावं दिली: सिरोलाना, कोनिलेरा, नेरोसिला, अनिलोक्रा, रोसिनेला. रोमन लिपीत लिहून अक्षरं उलटसुलट करा, कॅरोलिना किंवा कॅरोलाइन निघते. ही बाई कोण, ते त्याने सांगितलं नाही.

उंबरठा: बायको?

आडवाट: लग्नच केलं नव्हतं त्याने.

देवगडकर: धागा आता खरा रंगला.

परसदार: मंडळी, फलक सोमवारी छपाईला जातोय. तूर्त ‘वुडलाउस’ तसंच ठेवते. जाती-प्रजातीचं सांगा.

सातपाय: सांगतो, पण त्याआधी आकड्याचं बघा. श्माल्फुस यांनी स्टुटगार्टहून २००३मध्ये जागतिक सूची काढली, २०१४ची यादी तिच्याच पायावर उभी. त्यात किनाऱ्यावरच्या खडकांतून पळणारे लिजियाही धरलेत. अलीकडचे जनुकीय अभ्यास म्हणतात की लिजिया बाकीच्या वुडलाउसपेक्षा समुद्री आयसोपॉडांच्या जवळचे. ते मान्य केलं तर ते वजा करावे लागतील, उलट २०१४नंतर वर्णन झालेले नवे धरावे लागतील. मग ३,७१० हा आकडा तारखेशिवाय छापू नका.

परसदार: म्हणजे ‘एप्रिल २०१४पर्यंत ज्ञात जाती’?

चिंचगूळ: प्रजाती.

खडूस मास्तर: जाती. आणि बाई, ते ‘कुलं’ तुम्ही कुठून आणलंत? ‘कुले’ लिहा, नाहीतर सरळ ‘कुळं’.