जॅम फिजिक्स : एमएसक्यूमध्ये भोपळा, इलेक्ट्रॉनिक्स सोडू का?

मधली_नोड

नमस्कार. बीएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष आहे, फेब्रुवारीत आयआयटी जॅम (एमएस्सीच्या प्रवेशाची परीक्षा) देणार आहे. क्लास लावलेला नाही आणि आता लावणारही नाही, तेव्हा कृपया तो सुचवू नका. सिलॅबसमधली सातही युनिटं वाचून झाली आहेत. डेरिव्हेशन कुठलंही सांगा, झोपेतून उठून लिहीन. पण जुना पेपर घड्याळ लावून सोडवायला बसले की सेक्शन ए कसाबसा निभतो, बीमध्ये (एमएसक्यू, म्हणजे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात असे प्रश्न) भोपळा, आणि सीमध्ये पद्धत बरोबर पण आकडा भलताच.

विचारायचं आहे ते असं. इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉलिड स्टेट सरळ सोडून मेकॅनिक्स, ईएम (विद्युतचुंबकत्व), थर्मो घोटत बसू का? एमएसक्यू सुधारायला नेमकं काय करतात? आणि जे येत नाही तिथे अंदाजे ठोकावं का? मैत्रीण म्हणते, निगेटिव्ह मार्किंग आहे, हातसुद्धा लावू नकोस.

कोपऱ्यातलं_बाक

रोज एक मॉक दे. महिनाभरात वेग येतो, बाकीचं आपोआप होतं. ऑल द बेस्ट!

घर्षणरहित

रोज मॉक देऊन वेग येईल खरा, पण चुकीच्या उत्तराकडे जाण्याचा. दर तासाला थर्मामीटर लावला म्हणून ताप उतरत नाही.

@मधली_नोड, तुला तू म्हणतो, चालेल ना? मी जॅम देऊनच एमएस्सीला गेलो, आणि आता बीएस्सीच्या मुलांकडून प्रॉब्लेम सोडवून घेतो. तुझ्यासारख्या वह्या रोज बघतो. डेरिव्हेशन देखणं, शेवटच्या ओळीला चौकट, आणि चौकटीच्या खाली काही नाही. जॅमचा पेपर त्या चौकटीच्या खाली सुरू होतो.

आधी मैत्रिणीचं बघू, ते हिशोबाचं आहे. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. सेक्शन एमध्ये एकच पर्याय बरोबर असलेले ३० प्रश्न, ५० मार्क. बीमध्ये १० एमएसक्यू, प्रत्येकी २ मार्क. सीमध्ये आकडा भरायचे २० प्रश्न, ३० मार्क. निगेटिव्ह आहे ते फक्त एमध्ये : एक मार्काच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन मार्कांच्याला दोन तृतीयांश. म्हणजे अर्ध्या पेपरला निगेटिव्ह नाहीच. बी आणि सीमध्ये एकही प्रश्न कोरा ठेवून उठायचं काही कारण नाही.

एमध्ये डोळे मिटून ठोकलं तर? चार पर्याय, एक चतुर्थांश वेळा एक मार्क मिळणार, तीन चतुर्थांश वेळा एक तृतीयांश जाणार. बेरीज शून्य. फायदा नाही, तोटाही नाही. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी १/९ मार्क पदरात पडतो, दोन बाद करता आले तर १/३. दोन मार्कांच्या प्रश्नाला याच्या दुप्पट. तेव्हा ठोकावं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा पर्याय बाद करायला शीक. डेरिव्हेशन पाठ करणाऱ्या मुलांना नेमकं हेच कुणी शिकवत नाही.

एक उदाहरण घे. उभं वर्तुळाकार कडं, त्रिज्या आर, आपल्या उभ्या व्यासाभोवती ओमेगाने फिरतंय. कड्यात एक मणी आहे, घर्षण नाही. मणी तळापासून थीटा कोनावर स्थिर राहतो, तर थीटा किती? पर्याय समज असे : कॉस थीटा = जी / ओमेगा वर्ग आर; साइन थीटा = जी / ओमेगा वर्ग आर; टॅन थीटा = ओमेगा वर्ग आर / जी; कॉस थीटा = ओमेगा वर्ग आर / जी. डायमेन्शन चौघांचंही बरोबर आहे, तिथे काही हाती लागत नाही. आता कडं मनातल्या मनात वाट्टेल तितक्या वेगाने फिरव. मणी बाहेर फेकला जाणार, थीटा नव्वदच्या जवळ जाणार. साइनवाला पर्याय थीटा शून्याकडे नेतो : बाद. शेवटचा कॉसची किंमत एकाच्या वर नेतो : बाद. पेन्सिल उचलायच्या आत दोन गेले. उरलेल्या दोघांत टॅनवाला कसा तयार झाला ते बघ. मणी ज्या वर्तुळात फिरतो त्याची त्रिज्या आर नाही, आर साइन थीटा आहे. ती आर धरली की टॅनवालं उत्तर येतं. म्हणजे पहिला बरोबर. आणि त्यातूनच कळतं की ओमेगा वर्ग जी/आर पेक्षा कमी असेल तर कॉस एकाच्या वर जातो, असा कोन अस्तित्वातच नाही, मणी तळाशी बसून राहतो. हीच ओळ एमएसक्यूमध्ये एक पर्याय म्हणून येऊ शकते.

आता एमएसक्यूकडे. इथे अर्धे मार्क नसतात. सगळे बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा निवडला नाही, तरच २. म्हणून चार पर्यायांची एकमेकांशी तुलना करायची सवय इथे नडते. प्रत्येक पर्याय स्वतंत्र विधान म्हणून घ्यायचा आणि तो खरा की खोटा ते कारणासकट ठरवायचं.

एक मोल आदर्श वायू, उष्णता आतबाहेर जाऊ न देणाऱ्या टणक डब्यात, मधे पडदा, पलीकडे निर्वात. पडदा फाटला, आकारमान दुप्पट झालं. (अ) तापमान घटतं. (ब) अंतर्गत ऊर्जा तीच राहते. (क) वायूची एंट्रॉपी आर लॉग दोन इतकी वाढते (इथे आर म्हणजे वायूचा स्थिरांक). (ड) उष्णतेची देवाणघेवाण नाही म्हणून एंट्रॉपीत बदल शून्य. पाठांतरवाली मुलं ॲडायबॅटिक शब्द डोक्यात धरतात, तापमान-आकारमानाचा गॅमावाला फॉर्म्युला आठवतात आणि (अ), (ड) वर टिक करून मोकळी होतात. तो फॉर्म्युला सावकाश, रिव्हर्सिबल बदलासाठी आहे. इथे वायूने कुणाला ढकललंच नाही, काम शून्य, उष्णता शून्य, म्हणून (ब). एंट्रॉपी मात्र सुरुवात आणि शेवट एवढंच बघते, तेव्हा त्याच दोन टोकांमधला रिव्हर्सिबल आयसोथर्मल रस्ता धरून हिशोब करायचा : ८.३१४ गुणिले ०.६९३, म्हणजे ५.७६ ज्यूल प्रति केल्विन. (क) पण बरोबर.

आता मुद्द्याचं. (अ) आणि (ड) हे मूर्ख पर्याय नाहीत. तोच वायू त्याच डब्यात पिस्टनला सावकाश ढकलत पसरला असता तर दोन्ही खरे होते. चांगल्या पेपरातला चुकीचा पर्याय हा बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असतो. म्हणून जुना पेपर सोडवून झाला की मार्क मोजून वही मिटू नकोस. बरोबर आलेल्या प्रश्नांचेसुद्धा चुकीचे पर्याय घे आणि प्रत्येकासमोर लिही, हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे. वेळखाऊ काम आहे, एका पेपरला दोन-तीन दिवस लागतात, लागू देत. जुने पेपर जॅमच्या अधिकृत साइटवर फुकट आहेत, तेवढे या पद्धतीने झाले तरी खूप.

सेक्शन सी. तुझा आकडा चुकतो त्याचं कारण कॅल्क्युलेटर नसावं. उत्तर साधारण कुठे पडायला हवं हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून चुकलेलं चुकलेलं दिसत नाही. अनंत खोल विहिरीतला कण, स्थिती (३ साय-एक अधिक ४ साय-दोन) भागिले ५. सरासरी ऊर्जा ई-एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या ऊर्जेच्या, किती पट? मापन केलं तर एक तरी मिळेल किंवा चार तरी, कारण ऊर्जा एनच्या वर्गाने वाढते. चार मिळायची शक्यता १६/२५, म्हणजे निम्म्याहून जास्त, तेव्हा उत्तर अडीचच्या वर आणि चारच्या बरंच खाली हवं. मग हिशोब : ९ अधिक ६४, भागिले २५, २.९२. दुसरी ऊर्जा दुप्पट धरणाऱ्याला १.६४ मिळतं, सहगुणकांचा वर्ग विसरणाऱ्याला ३.८. दोन्ही आकडे बघताक्षणी खटकले पाहिजेत.

कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच वापरावा लागतो, माउसने. स्वतःचा नेता येत नाही, आकडाही स्क्रीनवरच्याच कळफलकावर भरायचा. तेव्हा घरी सराव करताना हातातला कॅल्क्युलेटर आजपासून कपाटात. आणि डिग्री-रेडियनचं बटण प्रत्येक साइन-कॉसच्या आधी बघायचं.

इलेक्ट्रॉनिक्स सोडू नकोस. सातव्या युनिटातले प्रश्न बहुधा दोन-चार ओळींत संपतात. आदर्श इन्व्हर्टिंग ऑप-ॲम्पचा गेन वजा आरएफ भागिले आर-एक, झेनरच्या सर्किटमध्ये कुठून किती करंट जातो, ए अधिक ए-बार बी म्हणजे ए अधिक बी, बीसीसीचा पॅकिंग फ्रॅक्शन ०.६८ आणि एफसीसीचा ०.७४, ब्रॅगचा नियम. आठवडाभर नीट बसलीस तर हातात येतं. त्याच आठवड्यात ईएममधलं एखादं अवघड प्रकरणसुद्धा पुरं होत नाही. काही सोडायचंच असेल तर येत असलेली डेरिव्हेशनं पुन्हा पुन्हा लिहिणं सोड.

जाता जाता एक देतो. व्हेक्टर फील्ड म्हणजे स्थानाचाच व्हेक्टर, एक्स वाय झेड. त्रिज्या १ असलेला वरचा अर्धगोल, फक्त वक्र पृष्ठभाग, तळ नाही. बाहेर जाणारा फ्लक्स किती?

द्वितीय_वर्ग

घर्षणरहित यांच्याशी बाकी सहमत, पण वेळेचं गणित त्यांनी उडवून लावलं ते पटलं नाही. १८० मिनिटांत ६० प्रश्न, सरासरी तीन मिनिटं. एक मार्काच्या प्रश्नावर पाच मिनिटं घालवणं परवडत नाही आणि ते भान मॉकशिवाय येत नाही. आठवड्याला एक तरी पूर्ण पेपर, सलग तीन तास, मधे न उठता. मी स्वतः आधी ए आणि सीमधले एक मार्कवाले उरकायचो, मग दोनवाले, एमएसक्यू शेवटी. सेक्शन मागेपुढे करता येतात.

शिवाय एकाच परीक्षेवर सगळी भिस्त ठेवू नकोस. आयआयएस्सीच्या इंटिग्रेटेड पीएचडीलाही जॅमच चालते, पण फॉर्म त्यांचा वेगळा. संशोधन संस्थांसाठी जेस्ट ही परीक्षा आहे, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी. अभ्यास बराचसा तोच, तारखा वेगळ्या. जॅमचा निकाल लागला की प्रवेशाचा फॉर्मही वेगळा भरावा लागतो, स्कोअर आला म्हणजे सीट मिळाली असं समजून बसणारे दरवर्षी भेटतात.

घर्षणरहित

आठवड्याला एक मान्य. रोज एकला माझा विरोध होता. आणि हो, कुठे अर्ज केलाय तिथलं त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचायचं, माझ्यासारख्या जुन्या लोकांच्या आठवणीवर विसंबायचं नाही.

मधली_नोड

सगळ्यांचे आभार. मणीवाला प्रश्न वहीत पुन्हा करून बघितला, टॅनवाला पर्याय मीच निवडला असता हे नक्की.

फ्लक्सचं : डायव्हर्जन्स ३, अर्धगोलाचं घनफळ २ पाय (π) / ३, म्हणून २ पाय, ६.२८. पण डायव्हर्जन्स थिअरम बंद पृष्ठभागाला लागू असतो ना? इथे तळ उघडा आहे. मग उत्तर बरोबर आलं की योगायोगाने आलं?

घर्षणरहित

उत्तर बरोबर, आणि शंका उत्तराहून चांगली. तळ आपण लावायचा आणि त्याचा फ्लक्स वजा करायचा. तळावर झेड शून्य, स्थानाचा व्हेक्टर तळातच आडवा पडलेला, तळाच्या नॉर्मलशी काटकोनात, म्हणून तिथला फ्लक्स शून्य. इथे ते सुटून गेलं. आता त्याच फील्डमध्ये झेड दिशेने ५ हा स्थिर व्हेक्टर मिळव आणि पुन्हा कर.

कोपऱ्यातलं_बाक

स्थिर व्हेक्टरचा डायव्हर्जन्स शून्य, म्हणजे उत्तर तेच, २ पाय. 😎

मधली_नोड

@कोपऱ्यातलं_बाक, नाही हो. बंद पृष्ठभागाचं एकूण तेच राहतं, पण आता तळातून काहीतरी जातंय. तळाचा बाहेरचा नॉर्मल खाली, फील्ड वर ५, क्षेत्रफळ पाय, म्हणून तळाचा फ्लक्स वजा ५ पाय. एकूण २ पाय यायला वक्र भागाचा ७ पाय हवा. २१.९९.

घर्षणरहित

बरोबर. मग बाकसाहेबांचं २ पाय कुठल्या प्रश्नाचं उत्तर?

मधली_नोड

तळासकट विचारलं असतं तर त्याचं. हे वहीत लिहिलं.