योकोहामाचे उद्यान प्रदर्शन, २०२७: आईला घेऊन जायचे असल्यास कोणता काळ निवडावा?

गुलाबवेडी (नाशिक)

सर्वांना नमस्कार. जपानमधील योकोहामा येथे १९ मार्च ते २६ सप्टेंबर २०२७ या काळात आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरणार असून, आईला ते दाखवावे असे फार दिवसांपासून मनात आहे. आईचे वय ६८ आहे. अंगणात आणि गच्चीवर मिळून तिने गुलाबाच्या कितीतरी जाती जोपासल्या आहेत. डोळा भरण्यापासून ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत सारे ती स्वतःच्या हाताने करते आणि माळ्याला कात्री धरू देत नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीचे पुष्पप्रदर्शन ती सहसा चुकवत नाही. मात्र गुडघ्यांमुळे तिला सलग तासभराच्या वर चालवत नाही.

मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा एवढाच काळ मोकळा मिळतो. म्हणजे साकुराचा (चेरीच्या फुलांचा) बहर हुकणार हे उघड आहे. असे असताना मे महिन्यात गेल्यास पाहण्याजोगे काय असेल, प्रदर्शनासाठी किती दिवस राखून ठेवावेत आणि मुक्काम कोठे करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निशीकासाईकर

आम्ही तोक्योच्या पूर्वेकडील निशी-कासाई भागात राहतो, त्यामुळे इथल्या ऋतूंविषयी थोडे खात्रीने सांगू शकतो. साकुराची खंत मनातून काढून टाका. आपल्या आईंना गुलाबांची आवड असेल, तर त्यांच्यासाठी मे महिनाच सर्वांत योग्य आहे.

आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये छाटणी केली की थंडीत फुले येतात, पण इथे कडक हिवाळ्यात गुलाबाचे झाड पूर्ण विसावते, त्याच काळात त्याची छाटणी होते आणि ऊब वाढू लागली की पहिला बहर एकदम, झाडभर फुटतो. योकोहामात हा बहर साधारण मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात असतो आणि त्यानंतरही काही दिवस टिकतो. गुलाब हे या शहराचे अधिकृत फूल आहे. यामाशिता उद्यानात आणि बंदराकडे तोंड करून असलेल्या टेकडीवरील उद्यानात त्याचे विस्तीर्ण ताटवे आहेत. सोतेत्सू रेल्वेमार्गावर हिरानुमाबाशी नावाचे, योकोहामाच्या पुढचेच स्थानक आहे आणि तेथून थोड्या चालीवर योकोहामा इंग्लिश गार्डन लागते. कमानींवर चढवलेले वेली गुलाब तिथे इतक्या जवळून पाहता येतात की आपल्या आईंचा पाय तेथून लवकर निघणार नाही.

तारखांबाबत एक गोष्ट कटाक्षाने पाळा. २९ एप्रिल ते ५ मे या काळात जपानमध्ये सुट्ट्या एकामागून एक येतात आणि संपूर्ण देश प्रवासाला निघतो. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि गाड्यांत उभे राहायलाही जागा मिळत नाही. १० ते २० मे हा काळ धरा आणि शनिवार-रविवारी प्रदर्शनाला जाऊ नका. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इथला पावसाळा सुरू होतो. तेव्हा जवळच्या कामाकुरा या गावातील मंदिरांमधील हायड्रेंजिया हे फुलझाड मन मोहून टाकते हे खरे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओल्या दगडी पायऱ्यांवर नेऊ नये, असे मला वाटते.

प्रदर्शनाची जागा शहराच्या पश्चिम टोकाला, कामी-सेया येथे आहे. ही जमीन पूर्वी अमेरिकी लष्कराच्या दळणवळण केंद्राकडे होती आणि २०१५ मध्ये ती जपानला परत मिळाली. तिथे सुमारे १०० हेक्टरांवर प्रदर्शन उभे राहत आहे. रेल्वे थेट प्रवेशद्वाराशी जात नाही. सोतेत्सू मार्गावरील सेया हे स्थानक सुमारे दोन किलोमीटरवर असून, तेथून आणि आसपासच्या अन्य स्थानकांवरून बसने पोहोचावे लागेल. म्हणून मुक्काम तोक्योत न करता योकोहामा स्थानकाजवळ करावा. इंग्लिश गार्डन आणि सेया ही दोन्ही ठिकाणे त्याच रेल्वेमार्गावर असल्याने आईंना गाडी बदलावी लागणार नाही, आणि हानेदा विमानतळही तेथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे.

पर्णरेखा

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी २०२२ मध्ये नेदरलँड्समधील अल्मेर येथील फ्लोरिआदे हे असेच आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन पाहिले होते. त्या अनुभवावरून किती दिवस ठेवावेत याविषयी लिहिते.

अल्मेरचे क्षेत्र सुमारे ६० हेक्टर होते आणि तेवढेही एका दिवसात नीट पाहून झाले नाही. योकोहामा त्याहून बरेच मोठे आहे. त्यामुळे आईंसाठी सलग नव्हे, तर एक दिवस मध्ये सोडून दोन दिवस ठेवा, आणि प्रत्येक दिवशी सकाळी दार उघडताच आत जाऊन दुपारी परत या. अशा प्रदर्शनांसाठी जागा नव्याने तयार केलेली असते, झाडे कोवळी असतात आणि त्यांची सावली विरळ पडते. जुन्या उद्यानात मिळतो तसा गारवा तिथे गृहीत धरू नये. बाहेरचे ताटवे सकाळी आणि दालनांतील मांडणी उन्हे चढल्यावर, असा क्रम ठेवल्यास दमणूक बरीच कमी होते. चाकांच्या खुर्चीची व्यवस्था कशी आहे, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्या. आई एरवी खुर्ची वापरत नसल्या तरीही विचारा, कारण फुले पाहताना माणूस अत्यंत हळू चालतो आणि गुडघ्यांवर खरा ताण त्या उभे राहण्याचाच येतो.

अल्मेरला झाडे-झुडपे वनस्पतिशास्त्रीय नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेली होती. त्यामुळे एका प्रजातीची भावंडे शेजारी-शेजारी उभी दिसत आणि पानांतील, काट्यांतील, फांदी फुटण्याच्या पद्धतीतील फरक आपोआप लक्षात येत. मी प्रत्येक आवडलेल्या झाडाचे छायाचित्र घेण्याआधी त्याच्या पाटीचे छायाचित्र घेत असे. आईंनाही तेच सांगा. नावाशिवाय घेतलेल्या फुलांच्या छायाचित्रांचा गुलाब वाढवणाऱ्या माणसाला पुढे काहीही उपयोग होत नाही.

आणखी एक सुचवते. जपानमध्ये याच दर्जाचे प्रदर्शन १९९० मध्ये ओसाकाला भरले होते आणि २ कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिले. त्या वेळचे साकुया कोनोहाना कान हे मोठे काचगृह त्सुरुमी उद्यानात अजूनही उत्तम स्थितीत आहे. त्याच्या थंड ठेवलेल्या दालनात हिमालयातील निळी पॉपी वर्षभर फुललेली असते. ओसाकाला जाणार असाल, तर ते चुकवू नका.

कंदमुळे

रोपांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. गुलाब वाढवणाऱ्या व्यक्तीला तिथे मोह आवरणे कठीण जाईल. परदेशातून रोपे, कलमे, कंद किंवा बिया भारतात आणताना निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते, आणि लागवडीच्या बहुतेक साहित्याला आपल्याकडील आयात परवानाही आधीच काढावा लागतो. पिशवीत लपवून आणलेल्या एका काडीबरोबर कीड किंवा विषाणू येऊ शकतो आणि त्याची झळ आपल्या अंगणापुरती राहत नाही. ज्या जाती आवडतील त्यांची नावे टिपून आणा आणि इथल्या रोपवाटिकांकडे त्यांची चौकशी करा.

जातानाही हेच लक्षात ठेवा. मे महिना असल्याने नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यावी असे वाटेल, परंतु भारतीय आंबा जपानमध्ये वाफेची ठरावीक प्रक्रिया झाल्यावरच जाऊ शकतो; प्रवाशाच्या सामानातील ताजा आंबा विमानतळावर काढून घेतला जातो. कढीपत्त्याची ताजी पानेही नेऊ नका.

गुलाबवेडी (नाशिक)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. ११ ते १९ मे असा काळ ठरवते आहे. प्रदर्शनासाठी मंगळवार व गुरुवार ठेवून मधल्या दिवशी फक्त इंग्लिश गार्डन पाहू. आई शुद्ध शाकाहारी आहे, त्याविषयी काही सांगता येईल का?

निशीकासाईकर

इथल्या रश्शांत आणि सूपमध्ये बहुधा वाळवलेल्या माशाचे पाणी असते आणि ते वरून दिसत नाही, त्यामुळे फक्त "मांस नको" असे सांगून भागत नाही. माशाचे पाणीही चालत नाही, असे जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. मी मजकूर लिहून पाठवतो. प्रदर्शनाच्या दोन्ही दिवशी दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर असू द्या. सोमवार-बुधवारी जेवणासाठी योकोहामा स्थानकाच्या परिसरात भारतीय उपाहारगृह शोधा, मात्र तिथेही भाजीच्या रश्शात काय घातले आहे ते विचारूनच मागवा.