गेमिंग यंत्रांवरील संघटित फसवणूक : बंदोबस्त नेमका कोठे हवा?

अंबडचा_बोर्डवाला (प्रश्न)

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बोर्डांची रचना करतो. आजवर आमचे बहुतेक काम वजनकाटे आणि पंपांची पॅनेल यांचे होते. आता गोव्यातील कॅसिनोंशी व्यवहार असलेल्या एका ग्राहकाने जुन्या स्लॉट यंत्रांत (पैसे टाकून बटण दाबल्यावर चाके फिरणारी जुगाराची यंत्रे) बसवायच्या सुरक्षा-बोर्डाची चौकशी केली आहे. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत (१९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला), त्यामुळे ही यंत्रे आतून पाहिलेला माणूस आमच्याकडे नाही. ग्राहकाची मागणी दार उघडल्यास भोंगा वाजावा आणि चिपवर सील असावे, एवढीच आहे. मात्र भुरट्या चोरासाठी केलेला बंदोबस्त महिनोन्महिने तयारी करणाऱ्या टोळीला पुरेल, असे मला वाटत नाही. अशा टोळ्या प्रत्यक्षात काय करतात आणि बोर्डाने कशावर लक्ष ठेवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ_गणिती

आपली शंका रास्त आहे, कारण सर्वांत गाजलेल्या प्रकरणांपैकी एकात यंत्राचे दार कोणी उघडलेच नव्हते. रशियाने २००९ मध्ये देशाच्या बहुतांश भागात जुगारावर बंदी आणली आणि तेथील हजारो स्लॉट यंत्रे मिळेल त्या भावाने विकली गेली. त्यांतील काही सेंट पीटर्सबर्गमधील एका टोळीच्या हाती लागली आणि तिने आतील प्रोग्रॅम सवडीने उलगडून पाहिला. २०१४ च्या जूनमध्ये अमेरिकेतील सेंट लुईसच्या एका कॅसिनोत काही जुनी यंत्रे घेतलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे देऊ लागली, तेव्हा कॅमेऱ्यातील चित्रणात एक माणूस खेळता खेळता मोबाइल पडद्याजवळ धरताना दिसला. तो साधारण दोन डझन फेऱ्यांचे चित्रण दूर बसलेल्या साथीदारांना पाठवी. ते त्यावरून यंत्राची अवस्था ओळखत आणि बटण दाबायच्या योग्य क्षणाच्या सुमारे पाव सेकंद आधी त्याचा फोन थरथरे.

हे शक्य होण्याचे कारण यंत्राच्या गाभ्यात आहे. खेळाडू बटण दाबतो त्या क्षणी आतील रँडम नंबर जनरेटर (सतत नव्या, वरवर क्रम नसलेल्या संख्या काढणारा भाग) ज्या संख्येवर असेल तिच्यावरून निकाल ठरतो. नंतर फिरणारी चाके हा निव्वळ देखावा असतो. जुन्या यंत्रांत हा जनरेटर म्हणजे एक साधे सूत्र असते. सूत्र ठाऊक असेल आणि पुरेसे निकाल पाहता आले, तर पुढच्या संख्या काढणे हे केवळ गणित उरते. म्हणून नव्या रचनेत गूढलेखनाच्या कसोटीला उतरणारा, म्हणजे आधीच्या संख्यांवरून पुढची ओळखता येणार नाही असा जनरेटर हवा, त्याला विद्युत-गोंगाटासारख्या भौतिक स्रोतातून वारंवार नवे बीज (संख्या काढायला सुरुवात करून देणारी संख्या) मिळायला हवे आणि दोन खेळांच्या मधल्या वेळेतही तो अखंड चालू राहायला हवा. जुन्या यंत्राच्या मूळ प्रोग्रॅमला आपण हात लावू शकणार नसाल, तर बाहेरून बसवलेला कोणताही बोर्ड हे छिद्र बुजवू शकत नाही, हे ग्राहकाला आधीच लेखी कळवावे. नाहीतर उद्या खापर आपल्यावर फुटेल.

नोटप्रेस_वसाहत

वरील उत्तर अचूक आहे, पण मला बाहेरच्या टोळीपेक्षा आतल्या माणसाची भीती अधिक वाटते. रोनाल्ड हॅरिस हा नेवाडाच्या गेमिंग नियंत्रण मंडळाचाच तंत्रज्ञ होता. यंत्रांतील चिप तपासणे हे त्याचे काम. त्याने काही यंत्रांच्या प्रोग्रॅममध्ये असा बदल घुसवला, की ठरावीक क्रमाने नाणी टाकल्यास यंत्र बक्षीस देई. आणि हा बदल पसरवण्यासाठी त्याने वापरले काय, तर तपासणीचेच उपकरण! कुंपणानेच शेत खावे, असा हा प्रकार. १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत त्याच्या साथीदाराने केनो या आकड्यांच्या सोडतीच्या खेळात एक लाख डॉलर जिंकले, तेव्हा त्या माणसाच्या थंड वागण्याचा संशय येऊन हे बिंग फुटले.

माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. तेथे कागदाच्या प्रत्येक तावाचा, अगदी बिघडलेल्या तावाचाही हिशोब लागतो, असे ते सांगत. एकाने मोजायचे, दुसऱ्याने पडताळायचे, आणि मोजणाऱ्याचा स्वभाव कसा आहे हा प्रश्नच कोणी विचारायचा नाही. आपल्या बोर्डात हेच तत्त्व आणावे. यंत्र सुरू होताना आणि नंतरही ठरावीक अंतराने प्रोग्रॅमची डिजिटल सही (प्रोग्रॅममध्ये जराही बदल झाला तर बदलणारी ओळखखूण) काढून मंजूर सहीशी ताडून पाहावी, मात्र ती मंजूर सही देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाती नसावी. दार उघडल्याची नोंद वीज बंद असतानाही बॅटरीवर व्हावी, तिच्यासोबत वेळ आणि किल्लीधारकाची ओळख असावी, आणि ती नोंद यंत्राजवळच्या माणसाला पुसता येऊ नये. भोंगा तर तंत्रज्ञ स्वतःच बंद करतो.

पंचवटी_लेखापाल

मी कॅसिनोत कधी गेलो नाही, तरी हिशोबाच्या अंगाने एक सांगतो. यंत्राला ९२ टक्के परतावा ठरवून दिला असेल, तर एक लाख रुपयांच्या खेळामागे सरासरी आठ हजार रुपये शिल्लक राहायला हवेत. दोन दिवस तोटा झाला म्हणजे फसवणूकच झाली, असे नाही. पण एकाच जातीची चार यंत्रे एकाच आठवड्यात, त्याच वेळांत तोट्यात जात असतील, तर तेथे योगायोग म्हणून सोडून देऊ नये. सेंट लुईसमध्ये खेळलेल्या त्या टोळीची माणसे एका यंत्रावर हजार डॉलरच्या आतच थांबत, त्यामुळे मोठ्या बक्षिसाची धोक्याची सूचना ठेवणाऱ्याला ती दिसलीच नसती.

अंबडचा_बोर्डवाला

सर्वांचे आभार. एक शंका उरते. यंत्रात गेलेल्या आणि यंत्रातून आलेल्या रकमेची मोजणी यंत्राच्या स्वतःच्या मीटरवरून घ्यावी, की आमच्या बोर्डाने नोटा घेणाऱ्या भागाचे संकेत वेगळे मोजावेत?

नोटप्रेस_वसाहत

वेगळे मोजावेत, आणि रोकडपेटी उघडल्यावर हाताने केलेली मोजणी ही तिसरी नोंद धरावी. एकेकाळी बाहेर पडणारी नाणी मोजणाऱ्या प्रकाश-संवेदकावर लहान दिवा रोखून यंत्राला आंधळे केले जाई. यंत्राला वाटे नाणे पडलेच नाही, आणि ते नाणी ओततच राही. अशा वेळी यंत्राचे मीटर आणि पेटीतील रोकड यांचा ताळा बसत नाही. आपण वजनकाटे केले आहेत, तेव्हा काट्याच्या आकड्याची खात्री त्याच काट्यावर होत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तीनही नोंदी रोज एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम मात्र ज्याच्याकडे यंत्राच्या किल्ल्या आहेत त्याला देऊ नका, असे ग्राहकाच्या करारातच लिहून घ्या.