जीसीएसईला ‘रिलिजस स्टडीज’ घेऊ द्यावे का?

प्रश्न
आम्ही गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. मुलगी इयर नाइनमध्ये (वय १३-१४) असून जीसीएसईसाठी, म्हणजे इथल्या साधारण सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेसाठी, ‘रिलिजस स्टडीज’ घ्यायचे तिने मनाशी पक्के केले आहे. तिच्या शाळेत ख्रिस्ती आणि इस्लाम या दोन धर्मांचा अभ्यास होतो. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांचे म्हणणे असे की, आधी घरातले देव तिला नीट कळू द्यावेत. मला ते पटते, पण मुलीला नाही म्हणण्याजोगे कारणही सापडत नाही. या विषयात श्रद्धा शिकवतात की आणखी काही?

प्रतिसाद १
माझ्या मुलाने एक्यूए या परीक्षा मंडळाची ही परीक्षा दिली आहे. प्रत्येकी पावणेदोन तासांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. पहिलीत दोन धर्मांच्या श्रद्धा आणि आचार, तर दुसरीत कुटुंब, युद्ध आणि शांतता, गुन्हा आणि शिक्षा, मानवी हक्क अशा विषयांपैकी चार येतात. तुमच्या शंकेचे उत्तर १२ गुणांच्या प्रश्नात आहे. तिथे एक विधान दिलेले असते आणि धार्मिक शिकवणीचा आधार घेत दोन्ही बाजू मांडून विद्यार्थ्याला स्वतःच्या निष्कर्षापर्यंत यावे लागते. सराव परीक्षेत मुलाने फाशीच्या शिक्षेविरुद्ध दीड पान तळमळीने लिहिले होते. बाईंनी समासात ‘दुसरी बाजू कुठे आहे?’ एवढेच लिहून गुण कापले. त्या रात्री जेवताना तो स्वतःला मुळीच न पटणारी बाजू आमच्यापुढे मांडत बसला होता.

प्रतिसाद २
मी महाराष्ट्रात माध्यमिक शाळेत शिकवले आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र धर्मांचा अभ्यास ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. प्रत्यक्षात आमच्याकडे मूल्यशिक्षण बहुतेक परिपाठातच उरकले जाई. ‘नेहमी खरे बोलावे’ हा फळ्यावरचा सुविचार मुले सुवाच्य अक्षरात उतरवून घेत, पण खरे बोलल्याने मित्र अडचणीत येणार असेल तर काय करावे, हे विचारायला तासिकाच नव्हती. तुमच्या मुलीला ती मिळते आहे. कृपया अडवू नका.

प्रतिसाद ३
विषय जरूर घेऊ द्या, पण आजोबांचे म्हणणे बाजूला सारू नका. २०१६ पासूनच्या अभ्यासक्रमात दोन धर्म अनिवार्य आहेत आणि ते कोणते, हे सहसा शाळाच ठरवते. हिंदू धर्म निवडणाऱ्या शाळांतही मुले आत्मा, कर्म, मोक्ष शिकतात. पण वारीत माउली म्हणून एकमेकांच्या पाया पडणारी माणसे त्यांना घरातल्या कुणीतरीच दाखवावी लागतात. शाळेत इस्लाममधील जकात, म्हणजे गरजूंसाठीचे अनिवार्य दान, शिकून आल्यावर माझ्या मुलीने आजीला विचारले होते, “आपल्यात दान कुणाला द्यायचे असते?” आजीने दोन दिवस विचार करून उत्तर दिले. तुमचे सासरे तिथे आहेत तोवर रोजचा धडा तिने त्यांना सांगावा, असे मला मनापासून वाटते.