मदत हवी आहे: छोटी मराठी शाळा, हातानं शिकणं आणि पुढची पाच वर्षं

वहाळकाठ

नमस्कार मंडळी. लिहिताना लांबलंय, सांभाळून घ्या.

रत्नागिरी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाबाहेर आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदान नाही. पहिली ते सातवी, मुलं शंभराच्या आतबाहेर. मी गणित शिकवते आणि गेल्या वर्षापासून विश्वस्त मंडळावरही आहे. ज्या सरांनी शाळा काढली त्यांनी आता पंच्याहत्तरी ओलांडली. त्यांचं म्हणणं स्वच्छ आहे, "मी आहे तोवर काय ते ठरवा, मागाहून भांडत बसू नका." दिवाळीनंतरच्या बैठकीत पुढच्या पाच वर्षांचा आराखडा मांडायचाय आणि तो लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

आमच्याकडे हातानं काम करत शिकण्यावर भर आहे. हल्ली प्रत्येक शाळेच्या फलकावर 'कृतीयुक्त शिक्षण' असतं आणि आत घोटीव कागदाची फुलं असतात, म्हणून यंदाचं एक उदाहरण सांगते. शाळेमागे एका पालकांचं खाचर आहे. त्यातला गुंठाभर त्यांनी सातवीला दिला. भाताची लावणी चारसूत्री पद्धतीनं करायची ठरली. मुलांनी नायलॉनच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरवर आळीपाळीनं खुणा केल्या आणि त्या खुणांवर चूड, म्हणजे रोपांची जुडगी, लावले. या पद्धतीत जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, खोल खोचतात. आता गुंठ्याला ब्रिकेटी आणायच्या किती? मी मुद्दाम गप्प बसले. बराच वेळ गोंधळ चालला. मग एका मुलीनं बांधावर काटकीनं आखून दाखवलं की ४० बाय ४०च्या एका चौकोनात चार चूड आणि एक गोळी येते. तिथून पुढे गुंठ्याचे चौरस मीटर, भागाकार, आणि उत्तर आलं ६३०च्या आसपास. एक गोळी २.७ ग्रॅमची, म्हणजे साधारण १ किलो ७०० ग्रॅम. खतवाल्यानं न विचारता "गुंठ्याला एक किलो सातशे" म्हटल्यावर पोरांनी दुकानात जो दंगा केला! क्षेत्रफळ आणि दशांश अपूर्णांक इतके पक्के मी फळ्यावर कधी करून घेऊ शकले नसते.

आणि त्याच आठवड्यात दोन पालक भेटायला आले. एक जण म्हणाले, "बाई, आम्ही जन्मभर चिखलात राबलो. पोरानं राबू नये म्हणून तर फी भरतो." दुसऱ्यांनी पाचवीतल्या मुलाचा दाखला मागितला, इंग्रजी शाळेत घालायचंय. ही तक्रार मला उडवून लावता येत नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली तिच्यावरही हाच आक्षेप होता. खेड्यातल्या पोरानं टकळी चालवायची आणि शहरातल्यानं साहेब व्हायचं, असा.

मंडळात तीन मतं आहेत. एक, आठवी ते दहावी सुरू करायची, नाहीतर सातवीनंतर केलेलं सगळं वाया जातं. दोन, सातवीपर्यंतच राहायचं पण नीट करायचं. तीन, सेमी इंग्रजी करून पट टिकवायचा आणि हातकाम शनिवारवर न्यायचं. तिसऱ्याला माझा विरोध आहे. शनिवारवर गेलेली गोष्ट हळूहळू स्नेहसंमेलनाच्या तालमीत जाते. शिवाय शिक्षक टिकत नाहीत. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेत नेमणूक झाली की ते जातात, आणि आमचा पगार बघता त्यांना थांबा म्हणायला तोंड नाही.

तर आठवी सुरू करावी का, अशा पालकांना काय सांगायचं, आणि पैसा कुठून उभा करायचा, यावर अनुभव असेल त्यांनी लिहावं. "शिक्षणात क्रांती हवी" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

जुनाजाणता

निवृत्त मुख्याध्यापक आहे, तेव्हा थोडं निराश करणारं लिहितो.

आठवी एकटी काढता येत नाही. कागदावर येते, व्यवहारात नाही. आठवीनंतर पुन्हा शाळा बदलायला कुठलाच पालक तयार नसतो, म्हणजे आठवी काढली की दहावीपर्यंत जाणं आलंच. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा २०१२चा कायदा आहे, त्याखाली दर्जावाढीचा, म्हणजे वरचे वर्ग जोडायचा, प्रस्ताव जातो. तो करता येईल. खरा प्रश्न दहावीच्या पहिल्या तुकडीचा. त्या एका निकालावर गाव तुमचं कायमचं मत बनवणार, आणि त्या तुकडीत बाराच मुलं असली तर दोन नापास झाली तरी टक्केवारी कुठे जाते बघा.

विज्ञानाला ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे. तुमची मुलं वीसमध्ये कुठेच मागे पडणार नाहीत. पण ऐंशीत जे लिहावं लागतं ते खाचरात शिकता येत नाही, त्याला लिहिण्याचाच सराव लागतो. ब्रिकेटीचा हिशोब त्या मुलीनं वहीत स्वतःच्या वाक्यांत लिहिलाय का? लिहिला नसेल तर काम अर्धं झालंय.

माझं मत दुसऱ्या गटाला. सातवीपर्यंत राहा आणि ज्या हायस्कुलात तुमची मुलं जातात तिथल्या विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना वर्षातून दोनदा शाळेत बोलवा. फुकटचं काम आहे, कोणी करत नाही.

आबोली

मी पालक आहे, शिक्षक नाही. मला तुमच्या त्या पहिल्या पालकांचं पटतं.

रागावू नका, पण आमच्याही शाळेत 'श्रमप्रतिष्ठा' होती. त्यात मुली अंगण सारवायच्या आणि मुलगे बाजारहाटाचा हिशोब करायचे. तुमच्याकडे कोण काय करतं याची यादी एकदा मांडून बघा. मुलींच्या वाट्याला स्वयंपाक आणि मुलग्यांच्या वाट्याला ड्रिल मशीन असं नकळत होतं. आणि सगळं काम शेतीचंच असेल तर शेतकऱ्याच्या घरात ते शिक्षण वाटणारच नाही. लावणी तो बाप तुमच्यापेक्षा चांगली करतो. त्याचा मुलगा घरातल्या वायरिंगचा फ्यूज बदलायला लागला किंवा वीजबिलातली युनिटं वाचून दाखवायला लागला तर तोच बाप चहाच्या टपरीवर शाळेचं नाव काढेल.

सेमीला एवढा विरोध का? गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द पाचवीपासून शेजारी लिहीत गेलात तरी पालकाची अर्धी भीती जाते. माझी गेली होती.

रंधा

मी काही वर्षं एका हायस्कुलात आयबीटी या हातकामाच्या विषयाचा निदेशक, म्हणजे काम शिकवणारा, होतो, म्हणून पाबळबद्दल लिहितो.

शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली तो सुरू केला. शाळांसाठी त्यांनी जो अभ्यासक्रम बसवला तो मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, म्हणजेच आयबीटी. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक अख्खा दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, मुलं आळीपाळीनं सगळ्यांत फिरतात. मुलगा-मुलगी असा भेद तिथेच संपतो, कारण वेल्डिंगची पाळी मुलीलाही येते आणि रक्त तपासणीची मुलालाही. आबोलीताईंचा मुद्दा त्यामुळे निम्मा सुटेल.

यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. मुलं केलेल्या कामाचे पैसे घेतात. गावात कोणाला गेट हवं असेल तर मुलं माप घेतात, लोखंड किती लागेल ते काढतात, अंदाजपत्रक देतात. ज्या पालकाला चिखल नकोय त्याला अंदाजपत्रक दाखवा. माझ्या नववीच्या पोरांनी पहिलं अंदाजपत्रक दिलं तेव्हा त्यात वेल्डिंग रॉड आणि वीज धरायचीच राहिली होती. गिऱ्हाइकानं, म्हणजे एका पालकानंच, ते दाखवून दिलं. तो माणूस त्यानंतर दर आठवड्याला यायला लागला.

सातवीपर्यंतच राहायचं ठरलं तरी हे छोट्या मापात जमतं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, स्थानिक कारागिरांबरोबर काम करायला. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार केलेत: सजीवांबरोबरचं, यंत्रं आणि साहित्याबरोबरचं, आणि माणसांच्या सेवेचं. तुमचं भात पहिल्यात बसतं. बाकीच्या दोन खान्यांत काय आहे ते लिहून काढा. आराखड्याचं एक पान तिथेच तयार होईल, आणि साहेब तपासणीला आले तर त्यांच्याच भाषेत दाखवता येईल.

आणि दापोली तालुक्यातल्या चिखलगावला, लोकसाधना या संस्थेच्या शाळेत, एकदा जाऊनच या. तुमच्याच जिल्ह्यात आहे. मंडळातल्या तिसऱ्या मताच्या माणसाला बरोबर न्या.

हिशोबनीस

पैशाचं कोणीच लिहीत नाहीये, मी लिहितो.

दिवाळीनंतर बैठक म्हणताय. पुढच्या जूनपासून फी बदलायची असेल तर फार वेळ नाही. शुल्क विनियमनाच्या २०११च्या कायद्याप्रमाणे वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी व्यवस्थापनानं प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं हलवता येत नाही. म्हणजे पाच वर्षांच्या आराखड्यात फी वाढवायच्या संधी दोन, फार तर तीन. हे कागदावर आखल्याशिवाय शिक्षकांच्या पगाराचं काही बोलू नका.

देणग्यांसाठी संस्थेची प्राप्तिकर सवलतीची नोंदणी (आजवर १२ए/१२एबी आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी) आहे का ते बघा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, हवा असेल तर एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी लागते, आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. भाताचे, सुतारकामाचे फोटो आणि खर्चाच्या पावत्या आत्तापासून तारखेनिशी ठेवा. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज गेलाय का तेही तपासा. सर थकत चाललेत म्हणताय म्हणून मुद्दाम सांगतो. पुढे बँकेतल्या सह्यांवरून अडतं.

एक धोका. यंत्रं द्यायला देणगीदार मिळतात, कारण त्यावर नावाची पट्टी लावता येते. पगार द्यायला मिळत नाहीत. मी हिशोब बघतो अशा एका शाळेत थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या कव्हरात आहे आणि विज्ञानाचा शिक्षक तासिकेवर आहे. घ्याल तेव्हा माणसासाठी घ्या.

जुनाजाणता

हिशोबनीस, शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. फक्त कार्यकारी समितीतले पालक सोडतीनं निवडायचे असतात. आपल्या मर्जीतले घेतले तर एकाच तक्रारीत सगळं परत.

वहाळकाठ

सगळ्यांचे आभार. मंडळासमोर न्यायला पुष्कळ मिळालं.

जुनाजाणता सर, मुलीनं वहीत लिहिलंय, पण चौकोनाची आकृती आणि उत्तर एवढंच. वाक्यं नाहीत. आजच वर्गात 'खतवाल्याला पटवून द्या' असं पत्र लिहायला दिलं. बरीच मुलं तिसऱ्या ओळीवर अडली, म्हणजे तुमचं बरोबर आहे.

आबोलीताई, यादी मांडली. दोरी धरायला मुलगे आणि चूड लावायला वाकलेल्या बहुतेक मुली. कोणी ठरवलं नव्हतं, तसंच झालं. कापणीला पाळ्या लावतेय. सेमीबद्दल तुम्ही म्हणता तसे शब्द शेजारी लिहायला माझी हरकत नाही, माझी हरकत हातकाम शनिवारवर ढकलण्याला आहे.

माझा कल आता असा आहे की पहिली तीन वर्षं आठवीचं नाव काढायचं नाही. पाचवी ते सातवीला आठवड्यातला अर्धा दिवस, चार विभागांच्या पाळ्या, आणि निदान एक निदेशक पगारावर. पट पाचवीतून गळायचा थांबला तर चौथ्या वर्षी दर्जावाढीचं बघू. सरांना हे पटेल. तिसऱ्या मताच्या गृहस्थांना चिखलगावला न्यायचं ठरवलंय, गाडी त्यांचीच आहे.

रंधा, एकच विचारायचंय. निदेशकाला, म्हणजे गावातल्या सुताराला किंवा गवंड्याला, मानधन तासावर द्यायचं की दिवसावर? आमच्या कोषाध्यक्षांना तास हवाय.

रंधा

दिवसावर. तासावर ठेवलंत तर माणूस घड्याळाकडे बघतो, आणि हत्यारं काढून मुलांना धार लावायला शिकवेपर्यंतच तास संपतो. बाहेर त्याला जी मजुरी मिळते तेवढीच द्या, 'शाळेचं काम आहे' म्हणून कमी करायला सांगू नका. पहिल्या महिन्यात तो ऐकेल, तिसऱ्या महिन्यात येणार नाही. तुमचा दिवस अर्धाच असेल तर उरलेल्या अर्ध्यात शाळेची बाकं दुरुस्त करून घ्या, कोषाध्यक्षही खूश.

आणि पाळ्या हंगाम बघून लावा. कोकणात गवंडी आणि सुतार पावसाळ्यात रिकामे असतात, जून ते सप्टेंबर त्यांना धरा. वायरमन मात्र त्या दिवसांत देवालाही सापडत नाही, त्याला दिवाळीनंतरच.